उलट मलाच काय विचारता?

घरचं नेट बंद पडलं की उपाय सांगायच्या आधी मी एवढे प्रश्न का विचारतो, असं तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहितो.

फोन येतो, ‘मालक, नेट चालंना. काय करायचं तेवढं सांगा की.’ मी विचारतो, नेटच्या डब्यावर कुठला लाइट लागलाय? सगळ्यांचं बंद आहे की एकाच फोनचं? वायफायचं चिन्ह दिसतंय का? चौथ्या प्रश्नाला आवाज चढतो. ‘येत असेल तर सांगा, नसेल तर राहू द्या. उलट मलाच काय विचारता?’ जुळे सोलापूर असो की साखर पेठ, वाक्य हेच. काहीजण सभ्यपणे म्हणतात, ‘एवढे प्रश्न कशाला लागतात हो?’ अर्थ तोच.

लागतात, कारण ‘नेट’ नावाची एक वस्तू नाहीच. खांबावरून आलेली फायबर, तिच्यातला उजेड वाचणारा डबा, डब्याचं वायफाय, तुमच्या फोनला मिळालेला पत्ता, आणि साइटच्या नावावरून तिचा नंबर हुडकून देणारा डीएनएस. यातलं काहीही बिघडलं तरी तुम्हाला दिसतं एकच, गोल फिरणारं चाक. उपाय मात्र दर वेळी निराळा.

लाइटचंच घ्या. डब्यावर ‘एलओएस’ लिहिलेला लाइट लाल असेल तर उजेडच पोचत नाही, आणि घरात बसून करण्यासारखं एकच काम उरतं. हिरव्या पिनेची ती बारीक वायर कुठे मुडपलीय का ते बघायचं. सोफ्याच्या पायाखाली, कपाटाच्या दारात, खिडकीच्या फटीत. फायबर तुटायलाच हवी असं नाही. वळण फार आवळलं की तिथून उजेड गळतो. पिन उपसून टोकाला बोट लावू नका, डोळ्यासमोर तर धरूच नका, आतला लेझर दिसत नाही. नेटवाल्याला फोन लावून ‘नेट बंद आहे’ म्हणण्याऐवजी ‘एलओएस लाल आहे’ म्हणा. पहिल्या वाक्याला ‘बंद करून चालू करा’ हे उत्तर मिळतं, दुसऱ्याला जॉइंट मारायचं मशीन घेऊन माणूस येण्याची शक्यता तरी असते. तो आला की उजेड मोजायच्या मीटरवरचा आकडा विचारून घ्या. उणे १५ ते उणे २४ असेल तर लाइन बरी. आकडा आणखी ३ नं घसरला की उजेड निम्मा झालेला असतो, त्यामुळे उणे २४ आणि उणे २७ यांत फारसा फरक नाही असं तो म्हणाला तर ऐकू नका. उणे २७ च्या काठावर डबा कधी चालतो, कधी तुटतो, आणि तुम्ही मला फोन करता.

(गड्ड्याच्या, म्हणजे सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या यात्रेच्या आधी नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या वाटेवर लोंबणाऱ्या केबली वर घेतात. त्या दिवसांत पेठेतून फोन आला तर मी निम्मे प्रश्न गाळतो.)

लाइट ठीक असेल तर पुढचा प्रश्न वायरचा. लॅपटॉप केबलनं थेट डब्याला जोडून स्पीड बघितला का? यावर हमखास उत्तर, ‘केबल नाही.’ दीड-दोन मीटरची चांगली कॅट ५ई केबल घरात असलीच पाहिजे. तिच्याशिवाय दोष लाइनचा की वायफायचा हे कुणीही सांगू शकत नाही. सांगणारा ठोकून देतोय. केबलवर २०० एमबीपीएसच्या प्लॅनमध्ये ९४ आले, दर वेळी ९४ च आले, तर प्लॅनवाल्याशी भांडू नका. त्याहून जास्तीला आठही तारा लागतात. एखादी पिनेत नीट बसलेली नसली की जोडणी १०० वर उतरते आणि त्यातून पदरात ९४-९५ पडतात. लॅपटॉपचं किंवा डब्याचं पोर्टच १०० चं असलं तरी आकडा हाच. आणि १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, शंभर नव्हे. सिनेमा ‘हळू’ उतरतो त्यातली निम्मी गाऱ्हाणी इथेच मिटतात.

केबलवर बरोबर, वायफायवर रडगाणं, तर भिंती बघा. पेठेतल्या जुन्या वाड्याची हात-दीड हात जाडीची दगडमातीची भिंत वायफायच्या ५ गीगाहर्ट्झच्या लहरींना जवळजवळ गिळते. २.४ त्यातून कसंबसं जातं, पण तिथे शेजारच्या सगळ्या घरांची गर्दी. २.४ वर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक ठेवा, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. प्रिंटर आणि बल्ब बहुतेक २.४ च ओळखतात, म्हणून ते बंद करू नका. आणि डबा टीव्हीच्या बंद कपाटात, फ्रिजवर किंवा पत्र्याच्या खोलीत नको. सोलापूरच्या मे महिन्यात माणूस जिथे बसू शकत नाही तिथे डब्यालाही ठेवू नये.

एवढं समजावलं की उत्तर येतं, ‘पण परवा बंद करून चालू केलं तर झालं होतं की.’

झालं असेल. कित्येक वर्षं मीही हेच सांगायचो, आणि आजही ते खोटं आहे असं म्हणणार नाही. बंद-चालू केल्यानं डब्याच्या डोक्यातल्या अडकलेल्या जोडण्या पुसल्या जातात, पत्ता नव्यानं मिळतो, चॅनेल नव्यानं निवडला जातो. दहातल्या सहा वेळा भागतं. पण त्याबरोबर बिघाडाचा मागही पुसला जातो, आणि उरलेल्या चार वेळा काय होतं ते एका घरानं बघितलं.

अशोक चौकाच्या बाजूचं तीन मजली घर. तळाला मागे यंत्रमागाचं शेड, पुढे चादरींचं दुकान, वर दोन मजले राहायचे. फायबरचा डबा दुकानात. दुसऱ्या मजल्यावर वायफाय पोचत नव्हतं. फोनवर सल्ला दिला गेला (मीच दिला), ‘जुना राउटर पडलाय ना? वर लावा, खालून केबल ओढा, झालं.’ त्यांनी वीस-पंचवीस मीटर केबल ओढली, एक टोक खालच्या डब्यात घातलं, दुसरं जुन्या राउटरच्या पिवळ्या, म्हणजे घरातल्या जोडण्यांच्या (लॅन) पोर्टात. वर वायफाय दिसू लागलं, मिठाईचा फोटो आला.

जे सांगायचं राहिलं ते असं. कुठलाही राउटर घरातल्या फोनला पत्ते वाटतो. त्याला डीएचसीपी म्हणतात. आता घरात वाटणारे दोन झाले. खालचा १९२.१६८.१ चे पत्ते देतो आणि बाहेरचा रस्ता म्हणून स्वतःकडे बोट दाखवतो. तो रस्ता खरा आहे. वरचा १९२.१६८.० चे देतो आणि बाहेरचा रस्ता म्हणून तोही स्वतःकडेच बोट दाखवतो, पण त्याच्या मागे भिंत आहे. फोननं पत्ता मागितला की जो आधी बोलला त्याचं ऐकलं जातं. मग एकाचं चालतं, शेजारी बसलेल्याचं नाही. चिन्ह पूर्ण भरलेलं, खाली ‘इंटरनेट नाही’. आणि केबल जोडलेली असल्यामुळे वरचा राउटर खालच्या दुकानातल्या मोबाइललाही चुकीचा पत्ता देऊ शकतो. म्हणजे बिघाड वर आहे हे कळायलाही वाव नाही.

वीज जाऊन आली की आणखी वाईट. जुना साधा राउटर अर्ध्या मिनिटात उठतो. फायबरच्या डब्याला दोनेक मिनिटं लागतात. तेवढ्यात वरच्यानं घरभर पत्ते वाटून टाकलेले असतात.

तीन आठवडे हे चाललं. नेटवाल्याचा माणूस तीनदा आला, पिन बदलली, डब्याची बारीक वायर (पॅचकॉर्ड) बदलली, मीटरवर उणे १९ दाखवून गेला. आकडा चांगला होता, म्हणून दोष ‘स्पीड कमी पडतोय’ यावर गेला आणि त्यांनी मोठा प्लॅन घेतला. मी फोनवर सगळे प्रश्न विचारले. लाइट हिरवा, केबलवर स्पीड पूर्ण, कधी या फोनवर बंद, कधी त्या. उत्तरं सगळी बरोबर होती. ‘घरात दुसरा राउटर आहे का’ एवढंच मी विचारलं नाही, कारण तो आहे हे मला माहीत होतं. माझ्याच डोक्यातून तो वर गेला होता.

मग धाकट्या मुलीची ऑनलाइन मुलाखत. दहा मिनिटं आधी तिच्या वडिलांचा फोन, ‘जरा अडकतंय, काय करू?’ घाई होती. एकही प्रश्न न विचारता मी म्हणालो, ‘खालचा डबा बंद करून चालू करा.’ ‘अडकतंय’ म्हणजे तोवर चालू होतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. खालचा बंद असताना तिच्या लॅपटॉपनं नव्यानं पत्ता मागितला आणि वरच्यानं दिला. वायफाय पूर्ण, नेट शून्य. खालचा उठला तरी लॅपटॉप मिळालेला पत्ता सोडेना. मोबाइलचा हॉटस्पॉट लावला तर दिवसाचे दीड जीबी संपलेले. ती बारा मिनिटं उशिरा पोचली. पलीकडचे ‘कळवतो’ म्हणाले. कळवलं नाही. वेळेवर पोचली असती तर कळवलं असतं का, हे मला ठरवता येत नाही, आणि ते ठरवायचा हक्कही माझा नाही.

दुसऱ्या दिवशी घरी गेलो तेव्हा पाच मिनिटांत सापडलं. फोनच्या वायफायवर दाबून धरलं, तपशिलात ‘गेटवे’, म्हणजे तोच बाहेरचा रस्ता, बघितला. एका फोनवर १९२.१६८.१.१, दुसऱ्यावर १९२.१६८.०.१. एकाच घरात दोन गेटवे दिसले की पुढे काही हुडकायचं उरत नाही.

दुरुस्ती लिहून ठेवा, कारण जुना राउटर वर लावायचा मोह सगळ्यांनाच होतो. आधी खालून आलेली केबल काढा. लॅपटॉप केबलनं फक्त जुन्या राउटरला जोडा. त्याच्या सेटिंगच्या पानावर ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ (नुसतं वायफाय द्यायचं, पत्ते वाटायचे नाहीत) असेल तर तो निवडा. बहुतेक काम तोच करतो. नसेल तर लॅन आयपी, म्हणजे राउटरचा स्वतःचा पत्ता, १९२.१६८.०.१ चा १९२.१६८.१.२ करा. राउटर पुन्हा सुरू होईल. लॅपटॉपची केबल काढून परत घाला, नव्या पत्त्यावर आत जा, आणि मग डीएचसीपी बंद करा. क्रम उलटा केलात तर मधेच लॅपटॉपला पत्ता मिळत नाही, पान उघडत नाही, आणि मागच्या भोकात टाचणी दहा सेकंद दाबून पहिल्यापासून सुरुवात. खालच्या डब्याची पत्त्यांची वाटप-यादी .१० किंवा त्यापुढून सुरू होते का ते बघा, नाहीतर .२ तो दुसऱ्या कुणाला देऊन बसेल. वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे सारखे, चॅनेल खाली १, वर ११. शेवटी खालून आलेली केबल पिवळ्या पोर्टात. निळं, म्हणजे बाहेरून येणाऱ्या नेटचं (वॅन) पोर्ट रिकामं. काहीजण निळ्यात घालतात, तसंही नेट चालतं, पण वरचा मजला वेगळं बेट होतो आणि तिथला प्रिंटर खालून सापडत नाही.

आता म्हणाल, प्रश्न विचारूनही तीन आठवडे सापडलं नाही, मग प्रश्नांचं एवढं कौतुक कशाला? बरोबर आहे. काही वेळा मी वेळ काढायलाही विचारतो, हेही कबूल. पहिल्या दोन उत्तरांत मला काहीच कळलेलं नसतं आणि तसं म्हणायची लाज वाटते.

तरीही एक गोष्ट बघा. प्रश्न न विचारता लगेच उपाय सांगणारा एक माणूस तुम्हाला नेहमी भेटेल. गूगलवर कस्टमर केअरचा नंबर हुडकलात की तो उचलतो. अगदी गोड. लाइट कुठला हे विचारत नाही. एक ॲप टाका म्हणतो, त्यात आलेला आकडा सांगा म्हणतो, मग ‘दहा रुपये भरून बघा’. तुमची स्क्रीन तेव्हा त्याच्यासमोर असते. नंबर बिलावरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधून घ्या. पैसे गेलेच तर मला नको, १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, लगेच करा.

हल्ली मी पहिला प्रश्न बदललाय, ‘गेल्या महिन्यात घरात नवीन काय जोडलं?’ उत्तर असतं, ‘काही नाही.’ त्या काही नाहीत कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर असतो, मेव्हण्यानं दिलेला राउटर असतो, एकदा नेटच्या जोडण्या वाढवणाऱ्या स्विचच्या दोन पोर्टांत एकाच केबलची दोन्ही टोकं होती. त्यामुळे हा प्रश्नही फार कामाचा ठरलाय असं नाही.

फोन करू नका असं म्हणत नाही. फक्त डब्यासमोर उभं राहून करा. नवी पेठेतून, दुकानात गिऱ्हाईक असताना करू नका. घरी आजी एकटी असेल तर तिलाच फोन द्या. लाइटचा रंग ती बघून सांगते.