स्टाइललिंटला एससीएसएस वाचता येईपर्यंत

गेल्या पावसाळ्यात सांगलीच्या विश्रामबाग भागातील आमच्या छोट्या कार्यालयात एका हळद व्यापाऱ्याचे जुने संकेतस्थळ दुरुस्तीसाठी आले. त्याच्या सर्व स्टाइलशीट (पानांचे रूप ठरवणाऱ्या फाइल) एससीएसएसमध्ये, म्हणजे सास या साधनाच्या, सीएसएसला जोड देणाऱ्या भाषेत होत्या आणि तपासणीसाठी स्टाइललिंट या चुका दाखवणाऱ्या साधनाची तेरावी आवृत्ती होती. मी ती थेट सोळाव्या आवृत्तीवर नेली आणि त्या घाईपायी माझे दोन दिवस गेले.

पहिल्याच तपासणीत ‘अनक्लोज्ड स्ट्रिंग’ अशी तक्रार आली. दाखवलेली ओळ म्हणजे दोन तिरप्या रेघांनी सुरू होणारी साधी कॉमेंट होती. तिच्यातल्या इंग्रजी ‘डोन्ट’मध्ये एक एकेरी अवतरणचिन्ह होते. शुद्ध सीएसएसमध्ये अशी कॉमेंटच नसल्यामुळे पार्सरने, म्हणजे फाइल वाचणाऱ्या भागाने, ते चिन्ह स्ट्रिंगची (अवतरणचिन्हांतल्या मजकुराची) सुरुवात समजून तिचा शेवट शोधत बसावे, हे त्याच्या परीने योग्यच होते. म्हणजे अजून एकही नियम लागू झाला नव्हता. फाइल चुकीच्या व्याकरणाने वाचली जात होती, एवढेच. पूर्वी स्टाइललिंट फाइलच्या एक्स्टेन्शनवरून भाषा स्वतः ओळखत असे, पण 2021 मध्ये आलेल्या चौदाव्या आवृत्तीपासून ती ‘कस्टमसिंटॅक्स’ या सेटिंगमध्ये आपणच सांगावी लागते. तिथे ‘पोस्टसीएसएस-एससीएसएस’ हे एससीएसएस वाचणाऱ्या पॅकेजचे नाव लिहिताच ही तक्रार मिटली.

मग स्टाइलचा तुकडा तयार करणाऱ्या प्रत्येक ‘@मिक्सिन’ला आणि तो वापरणाऱ्या ‘@इन्क्लूड’ला अनोळखी ठरवले जाऊ लागले. मी वैतागून अनोळखी अॅट-रूल (‘@’ने सुरू होणाऱ्या आज्ञा) पकडणारा ‘अॅट-रूल-नो-अननोन’ हा नियमच बंद केला, आणि ही माझी खरी चूक होती. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याच्या हातून ‘इन्क्लूड’मधली दोन अक्षरे उलटसुलट पडली, सास अनोळखी अॅट-रूल जसाच्या तसा पुढे पाठवत असल्याने बिल्ड, म्हणजे एससीएसएसचे सीएसएस करणे, हेही बिनतक्रार झाले आणि बटणाची स्टाइल मात्र गायब झाली. तेव्हा ‘स्टाइललिंट-कॉन्फिग-स्टँडर्ड-एससीएसएस’ हे तयार नियमांचे पॅकेज घेतले, कारण ते मूळ नियम बंद करून त्याच्या जागी सासचे शब्द जाणणारा नियम लावते आणि सिंटॅक्सही सोबत आणते. तरीही तक्रारी परतल्या, कारण ‘एक्स्टेंड्स’च्या, म्हणजे वापरायच्या नियमसंचांच्या, यादीत साध्या सीएसएसचे जुने ‘स्टँडर्ड’ मी त्याच्या खाली राहू दिले होते आणि यादीत शेवटचा असतो त्याचाच शब्द चालतो.

इंडेंटेशनसारखे मांडणीचे नियम सोळाव्या आवृत्तीतून काढलेलेच आहेत, म्हणून ते काम प्रेटिअर या कोडची मांडणी करणाऱ्या साधनाकडे दिले. आता ‘नो-डिसेंडिंग-स्पेसिफिसिटी’चे (जास्त जोराच्या सिलेक्टरनंतर कमी जोराचा आल्याचे) काही इशारे उरले आहेत, ते मात्र खरे आहेत, आणि तिथे आपोआप दुरुस्ती करणाऱ्या ‘फिक्स’ पर्यायाचा उपयोग होत नाही.