अंदमानला जाताना पंचा न्यावा

२०१८च्या डिसेंबरात आम्ही पहिल्यांदा अंदमानला गेलो, तेव्हा पुण्यात कडाक्याची थंडी होती. खोबरेल तेलाची बाटली पांढरीफटक गोठलेली. उलटी धरली तरी थेंब पडेना, म्हणून झाकण सैल असल्याचं लक्षातच आलं नाही. कपड्यांच्या दोन थरांमध्ये ती खोचली आणि निघालो. खोबरेल साधारण २४ अंशांच्या वर पातळ होतं आणि पोर्ट ब्लेअरला भर डिसेंबरातही दुपारी २९-३० अंश असतात. हॉटेलवर बॅग उघडली तर नवऱ्याच्या पाचांपैकी तीन जीन्सना अभ्यंग झालेलं.

खरं तर त्या तेलाचे उपकारच मानायला हवेत. नाहीतर त्यानं त्या जीन्स घातल्या असत्या. उरलेल्या दोनांतली एक पहिल्याच दिवशी बोटीतून उतरताना गुडघ्यापर्यंत भिजली आणि चौथ्या दिवशीसुद्धा शिवणीत ओलीच होती. हवेत दमट वाफ, वर खारं पाणी. कपड्यात मीठ राहिलं की ते हवेतला ओलावा पुन्हा ओढून घेतं, त्यामुळे समुद्रात भिजलेला कपडा गोड्या पाण्यात खळबळल्याशिवाय वाळतच नाही. मी नेलेले चार जाडजूड टर्किश टॉवेल तर दुसऱ्या दिवसापासून कुबट वास मारायला लागले. तीन माणसांच्या तीन मोठ्या बॅगा होत्या आमच्या. सहा रात्रींसाठी! परत आल्यावर मोजलं, निम्म्याहून जास्त कपड्यांच्या घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या.

गेल्या वर्षी, २०२५च्या जानेवारीत पुन्हा जायचं ठरलं, ते माझ्या आत्यामुळे. आत्या गुहागरची. वय एकाहत्तर. तिला मरायच्या आधी सावरकरांची कोठडी बघायची होती. (‘मरायच्या आधी’ हे तिचे शब्द. तब्येत माझ्यापेक्षा ठणठणीत आहे.) निघायच्या आदल्या दिवशी ती पुण्याला आली ती खांद्याला एक रेक्झिनची पिशवी अडकवून.

“बाकीचं सामान?” मी विचारलं.

“हेच की. आणि काय लागतंय?”

पिशवीत तीन सुती साड्या, पातळ, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. दोन पंचे. एक शाल. नायलॉनची दोरी आणि सहा चिमटे. आलेपाकाच्या वड्या. पावसाळ्यात कोकणात राहणाऱ्या माणसाला दमट हवेत काय वाळतं आणि काय वाळत नाही हे कुणी सांगावं लागत नाही. मी पुण्यात बसून याद्या वाचत होते आणि माझ्या सख्ख्या आत्याच्या घरी चार महिने हाच धडा चालू असतो हे मला सुचलं नव्हतं.

तिच्या पिशवीतून मी एकच गोष्ट काढायला लावली, ती म्हणजे सुक्या खोबऱ्याच्या वाट्या. विमानात सुकं खोबरं चालत नाही. त्यात तेल इतकं असतं की ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. आत्याला पटेना. “अगो, खोबरं कसं पेटेल?” मग स्वतःच थोडा विचार करून म्हणाली, “पोत्यात भरलेल्या खोबऱ्यात हात घातला की गरम लागतं खरं.” वाट्या माझ्या स्वयंपाकघरात राहिल्या. पॉवर बँकेचं याच्या उलट, ती सामानाच्या बॅगेत चालत नाही, जवळच ठेवावी लागते. बहुतेक कंपन्यांची देशातल्या विमानांची साधी मर्यादा १५ किलो सामान आणि हातात ७ किलो अशी असते. आत्याची पिशवी साडेपाच किलो भरली, म्हणजे तिनं सामान टाकलंच नाही. चेन्नईला विमान बदलून आम्ही पोचलो आणि पट्ट्यावर आपली बॅग कधी येते याची वाट बघत उभे राहिलो, तेव्हा ती बाकावर बसून आमच्या मुलाबरोबर आलेपाक खात होती.

आता नावांबद्दल. पहिल्या वेळी आम्ही हॅवलॉक आणि नील बेटांवर गेलो होतो. परतल्यावर पंधराएक दिवसांत त्यांची स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप झाली. आणि २०२४च्या सप्टेंबरात पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम् झालं. तिकिटावर एक नाव, रिक्षावाल्याच्या तोंडी दुसरं. मी जुनीच वापरतेय, सवय.

बेटांच्या मधल्या बोटींसाठी दोन गोष्टी हाताशी हव्यात, बॅगेच्या तळाशी नव्हेत. पहिली, बोट लागण्यावरचं औषध. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक खाजगी बोटीनं दीडेक तास लागतो आणि समुद्र शांत असला तर काहीच होत नाही, पण ते आधी कळत नाही. पहिल्या वेळी नवरा ‘मला काही लागत नाही’ म्हणत बसला आणि अर्ध्या वाटेवर हिरवा पडला. एव्होमिनची गोळी बोटीत चढल्यावर घेऊन उपयोग नाही, आधी घ्यावी लागते, आणि तिनं झोप येते हे धरून चालावं. आत्यानं गोळी घेतली नाही. आलेपाक चघळत ती क्षितिजाकडे बघत बसली आणि तिला काहीही झालं नाही. हे आलेपाकाचं श्रेय की गुहागरच्या माणसाच्या पोटाचं, मी सांगू शकत नाही.

दुसरी गोष्ट शाल. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ जाताना शाल नेणं वेडेपणा वाटेल, पण त्या बंद बोटींतला एसी दात वाजवतो. आजूबाजूला हनिमूनला आलेली जोडपी बिनबाह्यांचे कपडे घालून कुडकुडत होती.

चाकांची बॅग मात्र मी दुसऱ्या वेळीसुद्धा नेली आणि पस्तावले. नीलचा धक्का लांबच लांब आहे. त्यावरून ती खडखडत ओढायची, मग पुढे वाळूचा रस्ता. चाकात वाळू गेली की चाक फिरत नाही, नुसतं घासत जातं. वर खाऱ्या हवेनं चेन अडकली ती वेगळी. चेनवर मेणबत्ती घासली की सरकते, ही युक्तीसुद्धा आत्याचीच. मेणबत्ती तिच्या पिशवीत होती, दिवे गेले तर असावी म्हणून आणलेली.

उजेडाचं गणित आधी समजून घेतलं तर सामान भरणं सोपं जातं. अंदमान पुण्याच्या पूर्वेला जवळजवळ १९ रेखांश आहे, पण घड्याळ तेच. म्हणजे सगळं सव्वा तास आधी. डिसेंबरात पाच वाजता सूर्य बुडतो आणि साडेपाचला मिट्ट काळोख. पहिल्या वेळी आम्ही दुपारचं जेवून, झोप काढून, चहा पिऊन राधानगरच्या किनाऱ्यावर सूर्यास्त बघायला स्कूटरवर निघालो. धक्क्याच्या बाजूनं तिथवर दहा-बारा किलोमीटर रस्ता, मधे जंगल. पोचलो तेव्हा माणसं परतत होती. परतीला मोबाइलचा दिवा एका हातात धरून मागे बसले होते मी. म्हणून चांगली विजेरी हवी, तीही डोक्याला बांधायची, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. आणि सकाळी सहाला ऊन अंगावर येतं, तेव्हा पोहण्याचे कपडे रात्रीच वर काढून ठेवायचे.

ऊन हा प्रकार मी कमी लेखला होता. पोर्ट ब्लेअर साडेअकरा अंश उत्तरेला आहे, तिथलं ऊन पुण्याच्या हिवाळ्यातल्या उन्हासारखं कोवळं नसतं. हॅवलॉकच्या एलिफंट बीचवर स्नॉर्केलिंग करायला मुलगा पाऊण तास पाण्यावर पालथा पडून मासे बघत होता. पाणी थंडगार, त्यामुळे काही जाणवत नाही. संध्याकाळी मान, पाठ आणि पोटऱ्या लालबुंद. तिसऱ्या दिवशी सालं निघाली. तोंडाला मलम नीट चोपडलं होतं, पण पाण्यात तोंड खाली असतं हे कुणाच्या डोक्यात? दुसऱ्या वेळी त्याला लांब बाह्यांचा, अंगाला चिकटणारा पोहायचा टीशर्ट आणि घोट्यापर्यंतची विजार घेतली. वास मारतो, पण तासाभरात वाळतो, आणि मलमाची अर्धी ट्यूब वाचते. मलम घ्यायचंच तर झिंक ऑक्साइडचं पांढरं घ्यावं. ऑक्सिबेन्झोन असलेली मलमं प्रवाळाला घातक ठरतात म्हणून पॅसिफिकमधल्या पलाऊ या बेटांच्या देशानं २०२० पासून आणि हवाईनं २०२१ पासून त्यांची विक्री बंद केली आहे. आपल्याकडे तशी बंदी नाही, पण बघायला जातो ते प्रवाळच, मग त्यालाच कशाला विष घाला?

पायात फ्लोटर्स. यावर मी वाद घालणार नाही. नीलच्या नैसर्गिक पुलाकडे ओहोटीच्या वेळी चालत जावं लागतं आणि पायाखाली सगळा मेलेल्या प्रवाळाचा धारदार खडक, वर शेवाळ. साध्या रबरी चपला तिथे निसटतात, बूट भिजून जड होतात. मागून पट्टा असलेलंच काहीतरी हवं. प्रवाळानं कापलेलं लवकर भरून येत नाही, तेव्हा जंतुनाशक मलम आणि पट्ट्या बरोबर असाव्यात. आणि तिथे निघण्याआधी भरती-ओहोटीच्या वेळा विचारून घ्याव्यात. भरतीला तिथे फक्त पाणी असतं, पूल लांबूनच बघायचा.

कागद न्यावेत. २०१८ साली बेटांवर मोबाइल म्हणजे शोभेची वस्तू होती. आमची बोटीची तिकिटं ईमेलमध्ये आणि ईमेल उघडेना. तिकीट तपासणारा माणूस समजूतदार निघाला म्हणून बरं. २०२०च्या ऑगस्टमध्ये चेन्नईहून समुद्राखालून साधारण २३०० किलोमीटरची केबल टाकून झाली, तेव्हापासून फरक पडलाय. तरी नीलवर एका संध्याकाळी पैसे पाठवायचं चक्र पंधरा मिनिटं फिरत राहिलं, आणि शहाळेवाली बाई शांतपणे बघत राहिली. आत्यानं कनवटीचे पैसे काढून दिले.

सेल्युलर जेल आम्ही पहिल्याच दिवशी बघितला. १८९६ ते १९०६ एवढी वर्षं तो बांधत होते. सात पाख्यांपैकी आता तीनच उभे आहेत. सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, टोकाला. आत्या आत जाऊन भिंतीला हात लावून उभी राहिली. मी बाहेरच थांबले. खाली कोलू मांडून ठेवलाय, कैद्याला बैलासारखं जुंपायचा. दिवसाला ३० पौंड खोबरेल काढायचं, नाहीतर शिक्षा. आत्या यावर तेव्हा काहीच बोलली नाही.

दोन दिवसांनी हॅवलॉकला संध्याकाळी वाळूमाश्या चावायला लागल्या. दिसत नाहीत इतक्या बारीक, पण खाज आठवडाभर. डासांच्या मलमाला त्या फारसं जुमानत नाहीत असा माझा अनुभव. पायाला खोबरेल चोपडलं की मात्र त्या तेलात चिकटतात, कातडीपर्यंत पोचत नाहीत. या खेपेला बाटलीला दुहेरी झाकण आणि वर पिशवी, रबरबँड. मी ती आत्याकडे दिली. तिनं तळहातावर थोडं घेतलं आणि विचारलं, “तीस पौंड म्हणजे किती गो?”

“साडेतेरा किलोच्या वर.”

ती बाटलीकडे बघत राहिली. शंभर मिलिलिटरची होती. मग तिनं पायाला तेल लावलं, हाताला राहिलेलं केसांना पुसलं आणि झाकण दोनदा घट्ट केलं.

येताना काय आणू नये तेही सांगते. शंख आणि प्रवाळाचे तुकडे. प्रवाळ वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, मेलेला तुकडासुद्धा आणायचा नाही, आणि विमानतळावर सामान तपासतात. आमच्या चिरंजीवांनी एका मोज्यात दोन तुकडे आणि एक शंख लपवला होता. मोजा बॅगेत टाकताना खडखडला. रात्री विजेरी घेऊन आम्ही दोघं नीलवरच्या भरतपूर किनाऱ्यावर ते परत ठेवून आलो. शंखातून पाय बाहेर आले, तो चालायला लागला. आत खेकडा राहत होता.

शेवटच्या सकाळी पोर्ट ब्लेअरला विमानाला वेळ होता. साडेपाचला झुंजुमुंजू झालं तशी आत्यानं मला उठवलं आणि कॉर्बिन्स कोव्हला चल म्हणाली. सहा दिवस ती पाण्यात उतरली नव्हती. घरचाच समुद्र आहे, इथे काय वेगळा, असं म्हणत सावलीत बसायची. त्या दिवशी साडी खोचून गुडघाभर पाण्यात गेली. एक मोठी लाट आली आणि तिला छातीपर्यंत भिजवून गेली. मी धावले, तर ती हसत होती.

विमानतळावर तिची पिशवी पुन्हा वजनकाट्यावर ठेवली. सहा किलो शंभर ग्रॅम.

“आत्या, काय घेतलंस एवढं?”

“काही नाही गो. पंचा ओला आहे.”