डोक्यावर तुळस, दारात टिपर

आषाढीला गोव्यातून थेट पंढरपूरपर्यंत चालत जाणारे आहेत. मी त्यांतला नव्हे. माझी वारी एका दिवसाची, म्हापसा ते विठ्ठलापूर, पंचवीसेक किलोमीटर. साखळीजवळ कारापुरात, वाळवंटी नदीच्या काठी सत्तरी तालुक्यातल्या राणे घराण्याचा विठोबा आहे. त्या जागेला आमच्याकडे गोव्याचं पंढरपूरच म्हणतात. ज्याला घाट चढून दोन-दोन आठवडे घर सोडणं जमत नाही, तो इथे येऊन डोकं टेकवतो.

पहिल्यांदा गेलो २३ जुलै २०१८ ला. भक्ती वगैरे काही नव्हती, खोटं कशाला बोलू? घरात बसवत नव्हतं म्हणून गेलो.

घर मुळगावात, आणि दारात उभा टिपर, खनिज वाहायचा ट्रक. खाणींच्या भागात वाढलेल्याला जास्त सांगायला नको. २०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी एकदा बंद पडल्या होत्या. २०१५ ला पुन्हा सुरू झाल्यावर मी कर्ज काढून दहा टनांचा टिपर घेतला. खाण ते सारमानसची जेटी, जेटी ते खाण. पुढे माल बार्जमधून मांडवीने मुरगावला. बरं चाललं होतं. मग ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून सगळं थांबलं. लोक म्हणाले, मागे सुरू झाल्या तशा होतील. मीही तेच म्हणत राहिलो. दोन हप्ते भरले, पुढचे चुकले. वसुलीचे फोन यायला लागले, तेव्हा तो नंबर ‘कंपनी’ या नावाने सेव्ह केला, बायकोला कळू नये म्हणून. फोन वाजला की उलटा करून ठेवायचा, हा माझा तेव्हाचा उद्योग.

येईल तो सांगायचा, मन खंबीर ठेव. कसं ठेवायचं ते मात्र एकानेही सांगितलं नाही.

मेव्हणा म्हापशाच्या एका भजनी मंडळात पखवाज वाजवतो. दशमीला त्याच्याकडे झोपायला गेलो आणि पहाटे साडेचारला पन्नासेक माणसांच्या दिंडीत उभा राहिलो. धो धो पाऊस. रेनकोट अर्ध्या तासात आतून-बाहेरून सारखाच भिजला. थिवीपर्यंत मी सगळ्यांच्या मागे, कुणाशी न बोलता चालत होतो. पुढे ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’चा गजर, टाळ, आणि पावसात सादळू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला पखवाज, त्यामुळे त्याचा आवाज रिकाम्या पिंपासारखा.

थिवीच्या पुढे एक काकी मागे पडली. साठीच्या पलीकडची, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्यावर तुळस. वृंदावन कसलं, तेलाचा पत्र्याचा डबा अर्धा कापून गेरूने रंगवलेला. एरवी अर्ध्या वाटेत तिची सून तुळस घ्यायची. त्या वर्षी ती बाळंतपणाला गेलेली. काकीने इकडेतिकडे बघितलं. सगळ्यांच्या हातात एक तर टाळ, नाही तर छत्री. माझे हात मोकळे.

“पुता, धर रे. जमिनीवर ठेवायची नाही.”

“काकी, पुरुष माणसाने तुळस घ्यायची?”

“तुझ्या डोक्याला काय झालंय?”

तिने आपली चुंबळ माझ्या डोक्यावर बसवली आणि वर डबा ठेवला. आधी वाटलं, एवढासा डबा, त्याचं काय ओझं! पण ओली माती. दहा मिनिटांत मान आखडली. डबा सावरायला हात वर धरला की बाहीतून पाणी थेट काखेत. त्यात डब्याच्या तळातून लाल चिखलाची एक धार मानेवरून पाठीत उतरत होती. मी म्हटलं, “काकी, तुमचा डबा फुटलाय, गळतोय.”

ती हसली. “फुटला नाही रे, मीच खिळ्याने बुराक पाडलंय.” बुराक म्हणजे भोक. “बुराक नसलं तर पाणी आत राहतं. तुळस कुजते. गेल्या वर्षीची अशीच गेली.”

एवढंच बोलून ती पुढे गेली आणि गजरात मिसळली. मी त्या धारेखाली चालत राहिलो.

डोक्यावर तुळस असली की मान खाली घालता येत नाही. खड्डा आहे की नाही हे पायानेच बघायचं. आणि मला तर चार महिन्यांत मान खाली घालून चालायची सवय लागलेली! रस्त्यात ओळखीचा दिसला की चपलेकडे बघायचं. अस्नोड्यात नेमके ओळखीचेच उभे होते, रोज जेटीवर माझ्या मागेपुढे रांगेत असायचे ते. त्यांच्याकडे बघावंच लागलं. एकाने हात जोडले. मला की तुळशीला, कोण जाणे.

अस्नोडा सोडल्यावर चढ लागतो. तिथे मेव्हण्याने एक गोष्ट केली ती मला ट्रकवाला म्हणून फार आवडली. त्याने पखवाज थांबवला नाही, लय उतरवली. दोन पावलांमध्ये अख्खा श्वास घेता येईल इतकी. सगळी दिंडी पहिल्या गियरात आली. भरलेली गाडी चढावर दामटली तर इंजिन तापतं, आणि उतारावर न्यूट्रल मारली तर ती तुझी राहत नाही, हे मी नव्या पोरांना किती वेळा सांगितलं असेल. आणि मार्चपासून स्वतः काय केलं होतं? न्यूट्रल.

मुळगावात आमचं घर रस्त्याला लागूनच. टिपर डाव्या बाजूला उभा, हे पाठ होतं. पण तुळस डोक्यावर, मान वळवता येईना. डोळ्याच्या कोपऱ्यातून नुसता पिवळा रंग सरकला आणि आरशावर चढलेल्या वेलाचं हिरवं. रोज सकाळी अर्धा अर्धा तास मी त्या गाडीकडे बघत बसायचो. त्या दिवशी वीस पावलांत ती मागे गेली.

बायको रस्त्यावर पातेलं घेऊन उभी होती, दिंडीसाठी उकडलेली कणगी, म्हणजे कंद, आणि चहा. मला तिने आधी ओळखलंच नाही. मग माझ्या मानेवरून वाहणारा तांबडा चिखल बघून म्हणाली, “रक्त आलंय?”

“नाही, बुराक आहे,” मी म्हटलं. तिला काय कळणार? ती पदराने पुसायला लागली, आणि तिथेच, चार माणसांत, डोक्यावर तुळस घेऊन मी तिला सांगून टाकलं की ‘कंपनी’ म्हणजे कंपनी नव्हे, हप्ते थकलेत. गजरात इतरांना ऐकू गेलं नसावं. ती पुसत राहिली. मग म्हणाली, “मला मे महिन्यातच कळलं होतं. कणगी खाऊन घे, डिचोलीपर्यंत काही मिळायचं नाही.”

हे खरं नव्हतं, डिचोलीपर्यंत तीन ठिकाणी केळी मिळाली. असो.

डिचोलीला काकीने तुळस परत घेतली. मान इतकी हलकी झाली की चालताना तोल जातो की काय! व्हाळशी, कारापूर तिस्क, आणि दुपारी एकच्या सुमारास विठ्ठलापूर. रांग बाहेरपर्यंत. वाळवंटीला लोट आलेला, पाणी तांबडं. खाणी बंद होऊन चार महिने झाले होते, तरी डंपांची, म्हणजे खाणीबाहेर टाकलेल्या ढिगांची, माती पावसात खाली येतच होती. दर्शनाचं म्हणाल तर पुजारी पुढे सरका, पुढे सरका म्हणत होता. विठोबाचं तोंड मी नीट पाहिलंही नाही. मागितलं काहीच नाही. सुचलंच नाही.

त्यानंतर बहुतेक आषाढ्या चाललो. आता पिकअप आहे, बेळगावहून भाजी आणतो, चोर्ल्याच्या घाटातून. टिपर विकला गेला, तोही तोट्यात. काही रात्री अजून झोप येत नाही, वारीने ते गेलं असं म्हणणार नाही. काकीची सून आता तुळस घेते. अस्नोड्याच्या चढाला मला देते, मागावी लागत नाही.

पण २०१८ चं सांगत होतो. बारशीला, म्हणजे द्वादशीला, सकाळी पेज आणि तोरांच्या, म्हणजे कोवळ्या कैऱ्यांच्या, लोणच्यावर उपास सोडला. पायाला फोड, मान वाकडी, पाठीवर बनियनच्या आकाराचा तांबडा डाग, तो साबणाने गेला नव्हता. सव्वानऊला फोन वाजला. ‘कंपनी’. बायकोने माझ्याकडे बघितलं आणि पेज वाढत राहिली.

उचलला. “बोला,” म्हटलं. “हप्ता आता जमणार नाही. गाडी विकायची आहे. कागद काय काय लागतील ते सांगा, लिहून घेतो.”