एक शी खारे मासे

काल म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पुरुमेंताची (पावसाळ्याच्या बेगमीची) खरेदी आटोपून डिचोलीच्या बसमध्ये बसलो. खारे बांगडे, मोरी, गालमो (सुकी बारीक कोळंबी) मिळून तीनेक किलो. दोन प्लास्टिकच्या पिशव्या, वर वर्तमानपत्र, तरी शेजारची मुलगी नाकाला ओढणी लावून मागे जाऊन बसली. तीन किलोंत ही तऱ्हा, तर तीस किलोंत काय होत असेल? हा हिशेब मला उगाच सुचला नव्हता.

चीनचा पहिला सम्राट चिन शी ह्वांग इसवी सनापूर्व 210 मध्ये, ऐन उन्हाळ्यात, दौऱ्यावर असताना शाच्यू इथे वारला. अमर व्हायचं औषध शोधायला त्याने समुद्रापार माणसं धाडली होती. मरणाचं नाव काढलेलं खपत नसे, म्हणून दरबारात कुणी तो विषयच काढेना. त्यामुळे वारस ठरवायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. मंत्री ली स आणि खोजा चाओ काओ यांनी मृत्यू लपवला. झाकलेल्या गाडीत जेवणाची ताटं जात राहिली, अधिकारी बाहेरून कामकाज सांगत, आत बसलेला खोजा मंजुरी देई. मधल्या मधे खोटं फर्मान पाठवून थोरल्या मुलाला, फूसूला, आत्महत्या करायला लावली आणि धाकटा हूहाय गादीवर. पुढे प्रेताला वास सुटला, तेव्हा गाड्यांवर एक शी खारे मासे चढवायचा हुकूम निघाला. (आपल्याकडे 'शी' म्हटलं की नाक मुरडतात; तिथे ते वजन, सुमारे तीस किलो.)

सहा राज्यं गिळून इसवी सनापूर्व 221 मध्ये देश एक केल्यावर वजनं-मापं सगळीकडे सारखी केली, तीही या चिन शी ह्वांगनेच. लिपी एक, गाड्यांच्या दोन चाकांमधलं अंतरसुद्धा एक.

मी जन्मभर कारकुनी केली, त्यामुळे माझा जीव अडकतो तो निराळ्याच ठिकाणी. तेव्हा कागद नव्हता. बांबूच्या, लाकडाच्या पट्ट्यांवर लिहीत. हा माणूस म्हणे रोज तराजूत तोलून एक शी दप्तर निकालात काढल्याशिवाय विसावत नसे. आमच्या एका साहेबांच्या टेबलावर दोन पानांची फाईल गणपती ते दिवाळी पडून असायची! अर्थात हे सारं लिहून ठेवणारा स-मा च्येन शंभरेक वर्षांनंतरचा, पुढच्या हान घराण्याच्या पदरचा. थोडं मीठ त्यानेही लावलं असेल.

पण रोजचं दप्तर एक शी आणि शेवटच्या प्रवासातले मासेही एक शी, हे काही डोक्यातून जाईना. डिचोली आली तरी मी बसूनच.

"काका, उतरा," कंडक्टर म्हणाला, "आणि पुढच्या वेळी टेम्पो करा."