ब्रॉडवेवरील ईस्टर बॉनेट स्पर्धा: टोप्या, प्रहसने आणि लाल बादल्या

न्यूयॉर्कला नाटके पाहण्यासाठी जाणारे बहुतेक मराठी प्रवासी एखादी गाजलेली संगीतिका पाहून परततात. २०१९ च्या एप्रिलमध्ये मी तेथे गेले ती मुख्यतः एका वेगळ्या कार्यक्रमासाठी, आणि ब्रॉडवेची, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीची, खरी ओळख मला त्या एका दुपारी झाली असे मी आजही मानते. ‘ब्रॉडवे केअर्स/इक्विटी फाइट्स एड्स’ ही संस्था तेव्हा दरवर्षी भरवत असलेली ‘ईस्टर बॉनेट’ स्पर्धा हा तो कार्यक्रम. ब्रॉडवेवरील, त्याबाहेरच्या छोट्या नाट्यगृहांतील आणि दौऱ्यावर असलेल्या नाट्यकंपन्या ईस्टरपूर्वी सुमारे सहा आठवडे आपल्या प्रयोगांनंतर निधी गोळा करत, आणि शेवटी सगळ्या एका रंगमंचावर येऊन आपापले छोटे प्रहसन, गाणे किंवा नृत्य सादर करत. प्रत्येक सादरीकरणाच्या अखेरीस त्या कंपनीने स्वतः तयार केलेली ईस्टरची टोपी, म्हणजे बॉनेट, कोणीतरी डोक्यावर मिरवत आणत असे. उत्तम टोपी, उत्तम सादरीकरण आणि सर्वाधिक निधी यांसाठी पुरस्कार दिले जात.

या हसण्याखिदळण्यामागचा काळ अतिशय दुःखाचा होता. १९८० च्या दशकात एड्सने न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरील नट, नर्तक, नृत्यदिग्दर्शक आणि वेशभूषाकार यांची एक पिढी पोखरून काढली. ‘अ कोरस लाइन’ या संगीतिकेचे दिग्दर्शक मायकेल बेनेट १९८७ च्या जुलैमध्ये याच आजाराने गेले. रुग्णाच्या जवळ जायलाही लोक भीत असत अशा त्या दिवसांत पॅलेस थिएटरमध्ये ‘ला काज ओ फॉल’ ही संगीतिका चालू होती आणि तिच्या मंडळींनी पडद्यामागे आपापसांत टोप्यांचा एक खेळ मांडून आजारी सहकाऱ्यांसाठी पैसे जमवले. स्पर्धेची सुरुवात १९८७ पासून मोजतात ती या खेळापासून. त्याच वर्षी नटांच्या संघटनेने ‘इक्विटी फाइट्स एड्स’ ही समिती स्थापन केली, पुढच्या वर्षी निर्मात्यांच्या पुढाकाराने ‘ब्रॉडवे केअर्स’ उभी राहिली, आणि १९९२ मध्ये दोन्ही एकत्र आल्या. जमा होणारा निधी औषधोपचार, पोषण, निवारा अशी कामे करणाऱ्या अमेरिकाभरच्या संस्थांना आणि रंगभूमीवरील कामगारांच्या वैद्यकीय व सामाजिक मदतीला जातो.

मराठी नाट्यरसिकाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. १९२१ च्या जुलैमध्ये केशवराव भोसले यांची ललितकलादर्श आणि बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत संयुक्त ‘मानापमान’ केले, ही आठवण आपल्याकडे अजून अभिमानाने सांगितली जाते. एरवी एकाच प्रेक्षकासाठी झगडणाऱ्या कंपन्या एका कामासाठी एका मंचावर उभ्या राहतात, तेव्हा प्रेक्षागृहाची हवाच बदलते. ब्रॉडवेवर हे वर्षानुवर्षे नेमाने घडत आले आणि त्यासाठी तिथल्या मंडळींविषयी मला मनापासून आदर आहे.

मी गेले त्या वर्षी ईस्टर २१ एप्रिलला होता आणि स्पर्धा सोमवारी व मंगळवारी, २२ आणि २३ तारखेला, बेचाळिसाव्या रस्त्यावरील न्यू अ‍ॅमस्टरडॅम थिएटरमध्ये झाली. दोन प्रयोग असत, सोमवारी दुपारी साडेचारला आणि मंगळवारी दुपारी दोनला. ही वेळ कामगारांच्या सोयीने ठरलेली होती. ब्रॉडवेवरील बहुतेक नाटकांना सोमवारी सुट्टी असते, आणि ज्यांना दोन्हीपैकी एखाद्या संध्याकाळी आपला नेहमीचा प्रयोग करायचा असे त्यांना रंगभूषेसाठी वेळेवर परतता येई. निकाल आणि जमलेली एकूण रक्कम दुसऱ्या प्रयोगाच्या शेवटी जाहीर होत असे.

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास नातेवाईक असलेल्यांना जाणे फार सोपे आहे. एडिसन किंवा मेट्रोपार्क स्थानकावरून नॉर्थईस्ट कॉरिडॉरची गाडी न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनला येते आणि तेथून नाट्यगृह पायी गाठता येते, कारण स्टेशन चौतिसाव्या रस्त्याजवळ आहे आणि नाट्यगृह बेचाळिसाव्या रस्त्यावर सातव्या व आठव्या अ‍ॅव्हेन्यूंच्या मध्ये. भुयारी रेल्वेने येणाऱ्यांनी टाइम्स स्क्वेअर स्थानकावर उतरावे. कार्यक्रम लांबतो, त्यामुळे शाकाहारी मंडळींनी आधीच नीट जेवून यावे. लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवर अठ्ठाविसाव्या रस्त्याच्या आसपास भारतीय खाणावळी आहेत. एप्रिलमध्ये वारा बोचरा असतो आणि पाऊस केव्हाही येतो, म्हणून जाकीट व छत्री दोन्ही जवळ ठेवावीत.

नाट्यगृहात थोडे लवकर पोहोचावे, कारण ते पाहण्याजोगे आहे. १९०३ मध्ये उघडलेल्या या वास्तूत झीगफेल्ड या निर्मात्याचे ‘फॉलीज’ हे नाचगाण्यांचे प्रसिद्ध कार्यक्रम होत असत. पुढे तिचे चित्रपटगृह झाले, मग ती बंद पडून मोडकळीला आली, आणि डिस्नी कंपनीने दुरुस्त केल्यावर १९९७ मध्ये पुन्हा उघडली. भिंतींवरील वेली आणि मोर, कोरीव चौकटी, हिरवट आणि फिकट जांभळे रंग हे सगळे दिवे मंदावण्यापूर्वी निवांत पाहून घ्यावे. याच मंचावर डोरिस ईटन नावाची चौदा वर्षांची मुलगी १९१८ मध्ये ‘फॉलीज’मध्ये दाखल झाली होती. तीच डोरिस म्हातारपणी, १९९८ पासून, या स्पर्धेत जवळजवळ दरवर्षी येऊन नाचत असे. २०१० च्या एप्रिलमध्ये ती शेवटची आली तेव्हा तिचे वय १०६ होते आणि त्यानंतर पंधरा दिवसांतच ती वारली. मी तिला पाहिलेले नाही, पण तिच्याबद्दल शेजारच्या खुर्चीतील वृद्ध बाई ज्या जिव्हाळ्याने बोलत होत्या, त्यावरून स्पर्धेच्या नियमित प्रेक्षकांसाठी ती काय होती हे कळले.

आता प्रहसनांविषयी. ती लिहिणारे, बसवणारे आणि त्यांत काम करणारे बहुतेक कोरसमधले, म्हणजे समूहात गाणारे-नाचणारे, बदली कलाकार, रंगमंच व्यवस्थापक आणि कपडेपटातले लोक असत. जाहिरातीत ज्यांचे नाव नसते त्यांना येथे दोन घटका मंच मिळे, आणि मला हेच या स्पर्धेचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटते. तालमी दोन प्रयोगांमधल्या फटीत, नाट्यगृहाच्या जिन्यांत आणि तळघरांत होतात. विषय धंद्यातलेच असतात: आठवड्याला आठ प्रयोग करून मोडलेली कंबर, ऐनवेळी तीन वेगवेगळ्या भूमिका लक्षात ठेवणारा बदली नट, वर्षानुवर्षे तेच गाणे गाऊन आलेला कंटाळा, शेजारच्या नाट्यगृहातील नव्या नाटकाचा हेवा, पुरस्कारांच्या मोसमातील धाकधूक. स्वतःच्या नाटकाची टर उडवणारे प्रहसन सर्वांत जास्त टाळ्या घेते. सभागृहात नाट्यव्यवसायातील लोक मोठ्या संख्येने बसलेले असतात, आणि ते ज्या ठिकाणी हसतात त्यावरून कोणता टोमणा कोणाला लागला ते समजत जाते.

यासाठी थोडी पूर्वतयारी हवी, कारण विनोद संदर्भांवर उभा असतो. त्या मोसमात कोणकोणती नाटके चालू आहेत, त्यांची कथानके काय आहेत आणि कोणते नाटक कशामुळे चर्चेत आहे, हे आधी वाचून ठेवावे. शक्य असल्यास अशा कार्यक्रमापूर्वी एक-दोन संगीतिका पाहून घ्याव्यात. टाइम्स स्क्वेअरमधील डफी स्क्वेअरच्या लाल पायऱ्यांखाली त्याच दिवसाची सवलतीची तिकिटे विकणारी टीकेटीएसची खिडकी आहे, तेथे रांग लावल्यास खर्च बराच कमी होतो. ज्या कंपनीचा मूळ प्रयोग आपण पाहिलेला असतो तिचे प्रहसन दुप्पट रंगते, हा माझा अनुभव आहे. सगळीच सादरीकरणे विनोदी नसतात. एखादे संथ नृत्य किंवा साधे गाणे मध्येच येते आणि ज्या माणसांच्या आठवणीत हे सगळे सुरू झाले त्यांच्याकडे सभागृहाला परत नेते. शेवटी सर्व कंपन्या मंचावर येऊन एकत्र गातात तेव्हा बहुतेक प्रेक्षक उभे असतात.

टोप्यांविषयी सांगायचे तर नावाला टोपी, पण ती अनेकदा डोक्यावर तोललेले अख्खे नेपथ्य असे. नाटकातील घर, वाहन, प्राणी, झुंबर असे काहीही त्यावर उभे राही, कधी दिवे लागत तर कधी भाग फिरत. कपडेपट आणि केशभूषा विभागातील कारागीर उरलेल्या कापडातून, तारेतून, पिसांतून आणि मण्यांतून ती घडवत. बाल्कनीतून हे बारकावे दिसत नसत. तेथील तिकिटे ब्रॉडवेच्या नेहमीच्या दरांच्या मानाने स्वस्त असत आणि प्रहसनांसाठी ती जागा पुरेशी होती, पण हस्तकला पाहण्याची आवड असेल तर खालच्या मजल्यासाठी जास्त पैसे मोजावे लागत किंवा छोटी दुर्बीण न्यावी लागे. प्रयोगात छायाचित्रे काढण्यास मनाई असते.

ईस्टरच्या रविवारी फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरील मिरवणूकही अवश्य पाहावी. एकोणपन्नासाव्या ते सत्तावन्नाव्या रस्त्यापर्यंत, सेंट पॅट्रिक कॅथीड्रलच्या परिसरात, सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत वाहने बंद ठेवतात आणि नागरिक स्वतः केलेल्या फुलापानांच्या टोप्या घालून हिंडतात. तिकीट लागत नाही आणि विचारल्यास लोक आनंदाने छायाचित्रासाठी उभे राहतात. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांना मी प्रहसनांपेक्षा मिरवणूकच सुचवेन, कारण प्रहसनांतील बरेचसे विनोद प्रौढांसाठी असतात.

आता जाणाऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाची सूचना. २०२० च्या १२ मार्चला कोविडच्या साथीमुळे ब्रॉडवेची नाट्यगृहे बंद झाली आणि त्या वर्षीची स्पर्धा रद्द करावी लागली. म्हणून केवळ जुन्या वेळापत्रकावर विसंबून विमानाचे तिकीट काढू नये, स्पर्धा पुन्हा भरणार असल्याचे आणि तिची तारीख संस्थेने आपल्या संकेतस्थळावर जाहीर केल्यावरच बेत पक्का करावा. याच घाटाचा दुसरा कार्यक्रम ‘रेड बकेट फॉलीज’ डिसेंबरच्या सुरुवातीला होतो. त्यात टोप्या नसतात, पण निधी गोळा करण्याची पद्धत आणि कंपन्यांची प्रहसने तशीच असतात. हिवाळी सुट्टीत अमेरिकेला जाणाऱ्यांना तो जास्त सोयीचा पडेल.

निधी गोळा करण्याच्या आठवड्यांत कोणतेही नाटक पाहिले तरी या कामात सहभागी होता येते. अभिवादनानंतर एक कलाकार पुढे येऊन आवाहन करतो आणि बाहेर पडताना दाराशी नटमंडळी, कित्येकदा अजून वेशभूषेतच, लाल बादल्या घेऊन उभी असतात. स्वाक्षरी केलेली भित्तिपत्रके आणि कार्यक्रमपत्रिकाही विकायला ठेवलेल्या असतात. खिशात एक आणि पाच डॉलरच्या काही नोटा सुट्ट्या ठेवाव्यात, आणि घाईने दाराबाहेर न जाता बादली धरणाऱ्याला त्याचे काम आवडल्याचे सांगावे. दिवसभरात दोन प्रयोग करून तो तेथे उभा असतो, आणि थांबून बोलणाऱ्याशी मनापासून बोलतो.