आवाज न चढवता

फिलिपिन्समध्ये गायिकेची तयारी बहुधा तिच्या वरच्या सुरांवरून जोखली जाते. टिपेला जाऊन तिथे भरल्या आवाजात ठामपणे उभे राहण्याला तिकडे ‘बिरित’ म्हणतात, आणि दूरचित्रवाणीवरील स्पर्धा असो की घरातला कॅराओके, ऐकणारे त्या एका जागेची वाट पाहत बसलेले असतात. रेजीन व्हेलास्केझसारख्या गायिकेने ही अपेक्षा इतकी उंचावर नेऊन ठेवली होती, की नव्याने येणाऱ्या मुलीने आधी तो डोंगर चढून दाखवावा, हे जणू ठरलेलेच होते. अशा देशात २००६ साली सिट्टी नवारो या तरुण गायिकेने ‘कॅफे बॉसा’ हा पहिला अल्बम काढला तो हळू आवाजात, आणि मला त्याचे कौतुक वाटते ते मुख्यतः या धीटपणासाठी.

या अल्बममधली गाणी बॉसा नोव्हा शैलीतली, आणि हा संगीतप्रकार मूळचा ब्राझीलचा. सांबाची लय आणि जॅझचे स्वरमेळ एकत्र येऊन १९५०च्या दशकाच्या अखेरीस रिओ दि जानेरोमध्ये तो आकाराला आला. गिटारवर अंगठा खर्जातले ठोके सरळ देत राहतो, बाकीची बोटे मात्र स्वरमेळ मात्रेच्या जरा अलीकडे-पलीकडे टाकतात, आणि गाणारा या दोहोंच्या मधून, कंप न देता, बोलल्यासारखा जातो. वरवर हे फार सोपे वाटते. पण मोठ्या आवाजात झाकून जाणारी बारीकशी बेसूर जागा इथे लपत नाही, आणि श्वास कुठे घेतला तेही ऐकू येते.

या अल्बममधले ‘टॅटूड ऑन माय माइंड’ हे गाणे मुळात डी’साउंड या नॉर्वेतील वाद्यवृंदाचे. सिट्टी ते गाते तेव्हा ओळीचा शेवट ताणत नाही, शब्द जिथे संपतो तिथेच सोडून देते, आणि उरलेली जागा गिटारला देऊन टाकते. दुसऱ्याचे गाणे तबकडीबरहुकूम उतरवणे, ज्याला फिलिपिनो वादक ‘प्लाकादो’ म्हणतात, हे तिथल्या कलावंतांचे जुने कौशल्य आहे. हॉटेलांतून आणि जहाजांवरून जगभर वाजवणाऱ्या त्यांच्या वाद्यवृंदांची पोटापाण्याची सोयच त्यावर झाली. त्यामुळे परक्याचे गाणे घेऊन त्याची चाल स्वतःच्या श्वासाला बेतणे ही मला पहिल्या अल्बमातली मोठी गोष्ट वाटते.

अमेरिकी अमलात या बेटांवर जॅझ पोचले, तेव्हा केटी दे ला क्रुझ (१९०७–२००४) ही तिथली गायिका नाट्यगृहांतून दणदणीत गात असे. ध्वनिक्षेपकाने पुढे गायकाला ओरडण्यापासून सोडवले, आपल्याकडे भावगीतालाही त्याचाच आधार मिळाला. फिलिपिन्समध्ये मात्र ध्वनिक्षेपक हाती आला तरी बिरितचा मान ओसरला नाही.

अल्बमला उणीवही आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. जॅझमधला धोका, म्हणजे गाणे गाता गाता ऐनवेळी वेगळी वाट धरणे, इथे फारसा सापडत नाही. सलग ऐकताना गोडवा थोडा एकसुरी होतो आणि मन उपाहारगृहात जाऊन बसते, ज्याला अर्थात अल्बमचे नावही जबाबदार आहे. तरीही श्रोत्यांनी तो उचलून धरला, सिट्टीला पुढे तिकडे बॉसा नोव्हाची राणी म्हणू लागले, आणि दुसऱ्याच वर्षी आलेल्या तिच्या अल्बमचे नाव होते ‘माय बॉसा’.