खानापूरच्या पेटीतली मेडलं : एका पट्टीवर दोन पिढ्या

खानापूर तालुक्यातल्या एका घरची पत्र्याची पेटी सध्या माझ्याकडे अभ्यासाला आहे. आपल्या भागात घरटी एक फौजी, त्यामुळे अशा पेट्यांना तोटा नाही. घरचे सांगतात, "सगळी मेडलं आज्जांची." चारही एकाच पट्टीवर शिवलेली, तेव्हा तसं वाटणार यात नवल नाही.

नेहमीप्रमाणे फितीकडे न बघता आधी कड बघितली. पहिलं मेडल कांस्याचं, ३६ मिलिमीटरचं, पंखवाली विजयदेवता असलेलं. म्हणजे पहिल्या महायुद्धाचं व्हिक्टरी मेडल. भिंगाखाली तिरप्या उजेडात कडेवर नंबर, मग शिपाई, मग नाव आणि शेवटी ११० मराठा, म्हणजे पलटणीचा आकडा आणि नाव, एवढं लागलं. अर्धी अक्षरं दर दिवाळीला चिंच आणि राख लावून घासल्यामुळे पुसट झाली आहेत. (मेडलं घासू नका, हे मी जिथे जाईन तिथे सांगतो. कोण ऐकतंय!)

या '११०'नं निम्मं काम केलं. १९२२च्या फेररचनेत जुने आकडे गेले आणि ११० मराठा ही ५व्या मराठा लाइट इन्फंट्री या रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली. शेजारची तीन मेडलं मात्र दुसऱ्या महायुद्धातली : १९३९-४५ स्टार, इटली स्टार (स्टार म्हणजे ताऱ्याच्या आकाराचं मेडल) आणि वॉर मेडल. ब्रिटिश सैनिकांना ही मेडलं नाव न घालता मिळाली, पण हिंदी सैनिकांच्या स्टारमागे नावं ठोकलेली असतात. आपल्याकडच्या छंदिष्टांचं हे मोठंच भाग्य. इथे आडनाव तेच, नाव वेगळं. तर पहिलं मेडल पणजोबांचं आणि उरलेली आजोबांची. घरच्यांना हे सांगितलं तेव्हा आजींनीच पणजोबांचं नाव बरोबर सांगितलं. ते मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला, गेले होते, हे मात्र घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

आता फितीबद्दल. व्हिक्टरी मेडलची खरी फीत दुहेरी इंद्रधनुष्याची. इथे त्यावर लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल, म्हणजे इटली स्टारची. आणि इटली स्टारला कुठली तरी निळसर पट्टी. कुणीतरी कधीतरी शिंप्याकडून पट्टी नव्यानं शिवून घेतली असणार. फितीवरून मेडल ओळखायला गेलं की घोटाळा होतो तो असा. फीत झिजते, बदलते, उंदीर खातात. कड तशीच राहते.

पेटीत काय नाही, तेही बघावं लागतं. व्हिक्टरी मेडल मिळालेल्या प्रत्येकाला ब्रिटिश वॉर मेडलही मिळालेलं असतं. ते चांदीचं, जवळजवळ तीन तोळ्यांचं. आपल्या गावांत ते सहसा सापडत नाही. लग्नकार्यात नाही तर दुष्काळात सोनाराकडे गेलेलं असतं आणि आटवलेलं असतं. १९१४-१५ स्टारही पेटीत नाही. तो १९१५ संपण्याआधी युद्धभूमीवर पोचलेल्यांना मिळे. ११० मराठा ६व्या पुणे डिव्हिजनबरोबर १९१४लाच बसऱ्याकडे गेली आणि २९ एप्रिल १९१६ला तिथलं कूत शहर तुर्कांच्या हाती पडलं तेव्हा शरण गेली. तेव्हा पणजोबा एक तर नंतर भरतीच्या तुकडीतून गेले, नाही तर स्टार हरवला. स्टार नसण्यावरून यापुढे जाता येत नाही.

मोह होतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४च्या इटलीतल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचा सर्वोच्च ब्रिटिश सन्मान, मिळाला तो याच तिसऱ्या बटालियनमधून. बापाच्या पलटणीत मुलगा, असं जुळवायला काय लागतं! पण नामदेव जाधव यांचा क्रॉस, ९ एप्रिल १९४५च्या पराक्रमाचा, पहिल्या बटालियनचा. तीही इटलीतच होती. आजोबांच्या स्टारमागे रेजिमेंटचं नाव आहे, बटालियनचा आकडा नाही. डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळणारं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक) मिळेपर्यंत मी जोडी जुळवणार नाही.

पट्टीबाहेर सुटं एक मेडल होतं, ते मला सगळ्यांत आवडलं. १५ ऑगस्ट १९४७चं स्वातंत्र्य मेडल. एका बाजूला अशोकाचे सिंह, दुसऱ्या बाजूला अशोकचक्र आणि त्याच्या डोक्यावर चक्क मुकुट! भोवती जॉर्ज सहाव्याची लॅटिन बिरुदावली. ती वॉर मेडलवरच्या बिरुदावलीशेजारी ठेवून वाचा : वॉर मेडलवर 'हिंदुस्थानचा सम्राट' आहे, यावर ते शब्द गळालेले. दोन मेडलांत मोजक्याच वर्षांचं अंतर.

बिल्ले आणि गणवेशाला मुकुटाचीच खूण पुरते. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बिल्ल्यातल्या बिगुलावर मुकुट असेल तर १९५०च्या आधीचा, सिंह असतील तर नंतरचा. मेजरच्या खांद्यावरही मुकुट जाऊन सिंह आले. कागदावर 'जमादार' हा हुद्दा असेल तर १९६५च्या आधीचा, कारण त्यानंतर नायब सुभेदार झाला. गावांत घरांना अजून 'जमादाराचं घर' म्हणतात, ते वेगळं. या पेटीतला खाकी कोट अजून उघडलेला नाही. आतून ब्रॉड ॲरोजवळ (सरकारी मालावरच्या बाणाच्या खुणेजवळ) 'आय' अक्षराचा शिक्का आणि वर्ष मिळालं तर तो हिंदुस्थानातल्याच पुरवठ्याचा ठरेल. गुंड्या मागून तपासायच्या आहेत, गॉन्ट किंवा फर्मिन या गुंड्या बनवणाऱ्या ब्रिटिश कंपन्यांचं नाव असेल तर बघू.

सीमाभागातल्या मित्रांसाठी एक गोष्ट. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज ही संस्था दोन्ही महायुद्धांत मेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवते. तिच्या नोंदींत कित्येक मृत सैनिकांच्या नावापुढे बापाचं नाव, गाव आणि तालुका असतो. शोधताना जिल्हा 'बेळगाव' घालून चंदगडची गावंही बघा. चंदगड तालुका १९५६पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता, मग कोल्हापूर जिल्ह्यात गेला. कोल्हापूर जिल्हा घालून शोधलंत तर जुनी नोंद निसटते.

घरच्यांनी माळ्यावरचं जुनं बाड शोधायचं कबूल केलं आहे. त्यात डिस्चार्ज बुक निघालं, तर बटालियनचा प्रश्न तिथेच मिटेल. तोवर फिती बदलू नका, पट्टी उसवू नका, असं बजावून ठेवलंय.